पश्चिमेचं पाखं

मुंजाभाऊ, तुमच्याबरोबर आपल्या भागातली एक विद्या कायमची लोपली.

हे वाक्य माझं आहे. तुमच्या शोकसभेत मी ते दोनदा म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मागं कुणाचा तरी मोबाइल वाजला, म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी आवाज जरा खाली आणला, चष्माही काढला. लोकांनी माना हलवल्या. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर गंभीर वाक्य कुठं तोडायचं हे कळायला लागतं. आणि ज्याच्याबद्दल बोलतोय तो उठून चूक दाखवणार नाही अशी खात्री असली, की माणूस फारच चांगलं बोलतो.

तुम्ही उठला नाहीत. पण बायकांच्या सतरंजीवर, अगदी कडेला, तुमची सून द्वारका बसली होती. गेली अकरा वर्षं ती तुमच्याबरोबर छपरं शाकारते आहे. सभा संपल्यावर मी चपला शोधत होतो, तेव्हा ती जवळ आली.

"सर, लय चांगलं बोललात."

"अगं, काय बोलणार. शब्द कमी पडतात."

"पन विद्या गेली म्हनलात. मंग मी उद्या बोरीला कशाला चाललेय? गोठा शाकारायचाय तिथं. गवत बी येऊन पडलंय."

मी एक चप्पल पायात घालून तसाच उभा राहिलो. वीस मिनिटांच्या भाषणात मला ती एकदाही आठवली नव्हती. ती टोमणा मारत नव्हती, हे जास्त वाईट होतं. तिला खरोखरच विचारायचं होतं. आणि तिला आणखी एक सांगायचं होतं.

"बालाजीशेठ औंदा झोपड्यायची छपरं बदलायलेत. मी इचारलं, मला द्या म्हनून. तर म्हनले, सरांच्या आखाड्यावरचं तुमचं छप्पर गळलं व्हतं. सर सोता बोलले व्हते." मग म्हणाली, "तुमी काय ते सांगा त्यांला."

एवढंच म्हणून ती पातेली उचलायला गेली. आज मी तुम्हाला लिहितोय ते त्या 'काय ते'बद्दल. सभेत सांगायला हवं होतं. त्याच्या आधी चार वर्षं सांगायला हवं होतं, तुम्हाला.

सभा बालाजीच्याच हुरडा केंद्रावर होती. बालाजी माझा जुना विद्यार्थी. पेडगावच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यानं बारा झोपड्या उभ्या केल्या आहेत. हिवाळ्यात परभणीहून माणसं गाड्या करून हुरडा खायला येतात. झोपड्यांना खाली पत्रा आहे आणि वर गवतासारखं दिसणारं प्लास्टिक. पाहुणे झोपडीत उभं राहून फोटो काढतात आणि बसायला बाहेर लिंबाखाली जातात. गवताच्या छपराची थोरवी मी त्या प्लास्टिकखाली उभा राहून सांगितली. फाल्गुनातलं ऊन होतं, डोक्यावरचा पत्रा तडतडत होता आणि मी घाम पुसत 'निसर्गाशी नातं' असं काहीतरी म्हणत होतो.

त्या बारा झोपड्या तुम्ही शाकारायच्या होत्या. माझ्या एका वाक्यानं त्या तुमच्या हातून गेल्या.

सुरुवात तुम्हाला आठवत असेल. निवृत्त झाल्यावर मी पेडगावच्या शेतात, आखाड्यावर, जिथं बैल-अवजारं असायची तिथं एक खोली बांधायला काढली. गवताचं छप्पर हवं म्हणून तुमच्याकडं आलो. तुम्ही पत्र्याच्या घरासमोर बाजेवर बसला होता.

"कशाला पायजे गवताचं? पत्रे टाका. मी सोता पत्र्यात राहतो."

"पुस्तकं वाचायला बरं, मुंजाभाऊ. गार राहतं."

"पत्र्याखाली अक्षरं दिसत न्हाईत का?"

उभ्या तालुक्यातली छपरं शाकारणारा माणूस स्वतः पत्र्याखाली का राहतो, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, गवताचं छप्पर दर साली माणूस मागतं, आणि मी दर साली दुसऱ्याच्या छपरावर असतो. मी हे वाक्य पुढं कितीतरी ठिकाणी मोठ्या चवीनं सांगितलं. तुम्ही मात्र ते अडचण म्हणून सांगितलं होतं.

मला छप्पर जरा पसरट हवं होतं, दिसायला ऐसपैस. तुम्ही दोन्ही तळहात एकमेकांना टेकवून नमस्कारासारखे धरलेत, मग खालून थोडे फाकवलेत. "एवढं उभं पायजे. पानी पाव्हन्यासारखं असतं सर, एकदा बसलं की उठत न्हाई." मी कोन मोजून बघायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, मोजा, आमी तवर वासे बांधून घेतो.

त्या आठवड्यात मी जेवढं शिकलो तेवढं पदवीच्या तीन वर्षांत शिकलो नसेन. जिंतूरकडच्या डोंगरातलं गवत आधी, वर उसाचं पाचट. खालून, वळचणीपासून सुरुवात करायची, आणि प्रत्येक थर खालच्या थराच्या गाठी झाकत वर न्यायचा. छपराच्या दोन उतरत्या बाजूंना तुम्ही पाखं म्हणायचात. दोन्ही पाखं वर जिथं भेटतात ते आढं. आढ्यावर सगळ्यांत जास्त जीव लावायचा, कारण वारा पहिला तिथं हात घालतो. थर वीतभर जाड हवा. पाऊस पडला की वरचं बोटभर गवत भिजतं, पाणी काडीवरून काडीवर उतरत वळचणीला येतं, खालचं गवत कोरडंच राहतं. पाऊस उघडला की वरून ऊन-वारा आणि खालून चुलीची ऊब मिळून ते वाळवतात.

"गवताला दोन्हीकडून दम घेता आला पायजे," तुम्ही म्हणालात.

इथं आपलं पहिलं भांडण. मी म्हणालो, गवत कापलं तेव्हाच ते मेलं, मेलेली वस्तू श्वास घेत नाही.

"मंग डब्यात कोंडून ठिवा अन् आठ दिसानं उघडून बघा."

"ती बुरशी. त्याचा श्वासाशी संबंध नाही."

"मी कुठं म्हनलो संबंध हाय? मी म्हनलो दम कोंडू नका."

धुराचंही तसंच. आठवड्यातून एकदा आत चूल पेटवा, धुरानं किडा लागत नाही, असं तुम्ही दर वेळी सांगायचात. धुरानं पुस्तकं पिवळी पडतील, असं मी दर वेळी म्हणायचो. शेवटी तुम्ही म्हणालात, "पुस्तकं पिवळी पडली तर वाचता येतील. भिजली तर वाळवावी लागतील." यावर मी नुसता हसलो होतो. पुढं एकदा आमच्या हिनं छपरावर भोपळ्याचा वेल सोडला, तो तुम्ही न विचारता उपटलात. पानांखाली ओल धरते म्हणालात. ती आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही. मग त्याच वेलावरून आधी उतरवलेला भोपळा तुम्हाला पाठवून दिला.

आणि द्वारका. सून सासऱ्याच्या डोक्यावर चढते, यावर तेव्हा वस्तीवर बरंच बोललं जायचं. बाई छपरावर चढली की घराला ते बरं नाही, असं जुनी माणसं मानायची. एकानं माझ्या आखाड्यावर येऊन तुम्हाला तोंडावर विचारलं, "मुंजाभाऊ, सून वर अन् तुमी खाली, शोभतं का?" तुम्ही गवताची पेंढी वर फेकता फेकता म्हणालात, "ती पडली तर धरायला कोनीतरी खाली पायजे की. तू धरतो का?" मला फार आनंद झाला. स्त्रीशक्तीवर मी चार वाक्यं बोललो. द्वारका वरून म्हणाली, "सर, तेवढं गवत द्या वर." माझ्या सगळ्या भाषणांना मिळालेल्या प्रतिसादांपैकी हा सगळ्यांत रास्त होता.

आता फ्लेक्सचं.

निवृत्तीच्या वेळी शाळेनं माझा गौरव केला होता. मंडप, ढोल, शाली. त्यातल्या तीन शाली पुढच्या महिन्यात दुसऱ्यांच्या गौरवात गेल्या. बालाजीनं आठ बाय दहाचा फ्लेक्स करून आणला होता. मधे माझा चेहरा, रिक्षाच्या हुडाएवढा. वर 'ज्ञानसूर्य'. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात पहिला फोटो बालाजीचाच. मी सगळ्यांसमोर चेष्टा केली, म्हणालो, सूर्य एवढा जवळ आणल्यावर माणसं भाजतील. लोक हसले. कार्यक्रम संपल्यावर मी तो फ्लेक्स व्यवस्थित गुंडाळून घरी नेला. बायकोला म्हणालो, कामाला येईल. चौकात लागलेल्या प्रत्येक फ्लेक्सची मी आयुष्यभर टर उडवली, आणि स्वतःचा एकच होता तो माळ्यावर जपून ठेवला. हे ती सोडून कुणाला माहीत नव्हतं.

तुमचं काम निम्मं झालं होतं. पूर्वेचं पाखं पुरं झालेलं, पश्चिमेच्या पाखावर गवताचा पहिला थर. तेवढ्यात मानवतला तुमच्या साडूची तेरवी आली. तुम्ही आणि घरची सगळी एक दिवस तिकडं गेलात. जाताना म्हणालात, "हात लावू नका सर, मी येतो परवा."

मला त्या गवताचा भरवसा वाटत नव्हता. हे सांगायला मला सहा वर्षं लागली. मी गवताच्या छपरावर बोलायचो, वाचायचो, लोकांना दाखवायला आणायचो, पण पाऊस यातून आत येणार नाही असं मनातून पटत नव्हतं. आणि पश्चिमेकडून पाऊस झोडपतो. मी विचार केला, मधे एक अस्तर असलं तर काय बिघडलं? प्लास्टिक पाणी अडवतं, हे तर सहावीतलं पोरसुद्धा सांगेल. शेत बघणाऱ्या गड्याला घेऊन मी फ्लेक्स पहिल्या थरावर पसरला, चेहरा वर, टाके घालून शिवला आणि वरून पाचट टाकून बांधून घेतलं. गड्याचं दाभण पहिल्याच टाक्यात माझ्या डाव्या डोळ्यातून गेलं. तो म्हणाला, "माफ करा सर." मी म्हणालो, चालू दे.

तुम्ही परत आलात. द्वारका पेंढ्या मोकळ्या करत होती. तुम्ही शिडीवर चढून पश्चिमेच्या पाखावर तळहात ठेवलात. मग थापटलंत. पूर्वेच्या पाखावर थापटलं की भरल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज यायचा. इथं आला तो हातातली वही आपटावी तसा. तुम्ही पुन्हा थापटलंत, जरा डावीकडं, मग उजवीकडं. मी खाली उभा होतो.

"हे कोनी बांधलं?"

"आम्हीच. म्हटलं तेवढीच मदत."

तुम्ही वरूनच माझ्याकडं बघितलंत. "आत काई हाय का सर?"

"गवतच आहे," मी म्हणालो.

मुंजाभाऊ, बत्तीस वर्षांत मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल किती वेळा बाकावर उभं केलं असेल, मला मोजता येणार नाही. तुम्ही शिडीवर उभे होतात आणि मी खाली.

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि पुढचा थर घ्यायला लागलात.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? मी हा प्रश्न इतकी वर्षं स्वतःला विचारत राहिलो, म्हणजे उत्तर मला माहीत होतं. हाताला कळलं होतं. पण शाळेतल्या माणसानं तोंडानं सांगितल्यावर त्याच्यासमोर छप्पर उसवायचं, हे तुमच्यानं झालं नाही. माझ्या शब्दाला तुम्ही तुमच्या हातापेक्षा जास्त किंमत दिलीत. तुमची चूक एवढीच झाली.

पुढं काय झालं ते तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. वरून झिरपलेलं पाणी फ्लेक्सवर बसलं आणि उठलं नाही. वरचं पाचट त्या पाण्यात कुजलं. खालच्या गवताची ओल वर जाऊ शकेना, ते खालून काळं पडलं. चूल तर मी पेटवतच नव्हतो. टाक्यांची जेवढी भोकं, तेवढ्या धारा. दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीलगतची पुस्तकं फुगून माझ्या पोटाएवढी झाली. पूर्वेच्या पाखातून थेंब आला नाही.

त्याच आठवड्यात बालाजी आला. हुरडा केंद्राचं त्याच्या मनात चाललं होतं. मुंजाभाऊंना बारा झोपड्या द्याव्यात, आधी सरांचं छप्पर नमुना म्हणून बघावं, म्हणून आला होता. त्यानं वर बघितलं, खाली ठेवलेल्या बादल्या बघितल्या.

"सर, हे तर गळायलंय."

मी चहाचा कप हातात घेऊन उभा होतो. खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. मी दुसरं वाक्य बोललो.

"मुंजाभाऊंचं आता वय झालं रे."

तेही हळहळून बोललो. वाईट बोलताना हळहळलं की ते माणुसकीसारखं ऐकू येतं. बालाजीनं मान हलवली, आणि पुढच्या महिन्यात कॅटलॉग घेऊन एक कंत्राटदार आला. वर्षभरात 'मुंजाभाऊचं छप्पर गळतं' हे पेडगावपासून बोरीपर्यंत पोचलं. तुमच्याकडं गोठे आणि कडब्याची सपरं तेवढी राहिली. राहती घरं गेली. द्वारका तेव्हा नुकती स्वतःच्या हिमतीवर कामं घ्यायला लागली होती. तिलाही लोक विचारायचे, सासऱ्याकडूनच शिकली ना?

तुम्ही दुरुस्तीला स्वतःहून आलात. निरोप मीच पाठवायला हवा होता, तो मी पाठवला नव्हता. तुम्ही येणार कळल्यावर त्या दिवशी मला परभणीला अत्यंत महत्त्वाचं काम निघालं. मी ग्रंथालयात जाऊन पाच वाजेपर्यंत कालची वर्तमानपत्रं वाचत बसलो. संध्याकाळी आलो तेव्हा पश्चिमेचं पाखं नवं झालं होतं. कुजकं गवत उकिरड्यावर पडलं होतं. फ्लेक्स कुठं दिसला नाही. मी गड्याला विचारलं.

"मुंजाभाऊंनी घडी घालून नेला. म्हनले, सरांचा फोटू हाय, उकिरड्यावर नको."

"आणखी काही म्हणाले?"

"न्हाई. लय येळ बघत बसले व्हते मातर."

त्यानंतर चार वर्षं तुम्ही दर चैत्रात माझ्याकडं येत राहिलात. भर दुपारी आत उभं राहून वर बघायचात, उजेडाचा ठिपका दिसेल तिथं मूठभर गवत खोचायचात, आढ्यावर नवा थर चढवायचात. मग आपण पश्चिमेच्या पाखाखालीच बसून चहा प्यायचो आणि धुरावरून भांडायचो. दुसऱ्या वर्षी मी एकदा सुरुवात केली होती. म्हणालो, "मुंजाभाऊ, ते त्या वेळचं…"

तुम्ही बशी खाली ठेवलीत. माझ्याकडं बघत थांबलात.

"…जिंतूरकडं गवत कसं आहे औंदा?"

तुम्ही आणखी थोडं थांबलात. मग बशी उचलून म्हणालात, "बरं हाय." त्या थांबण्याइतकी मोठी संधी मला आयुष्यात कुणी दिली नाही, आणि मी तुम्हाला गवताचा हालहवाल विचारला.

शेवटचं भेटलो ते तुमच्या घरी, त्याच पत्र्याखाली. ताप उतरत नव्हता. तुम्ही विचारलंत, "छप्पर कसं हाय?"

"छान आहे."

"पश्चिमेचं?"

"तेही."

तुम्ही डोळे मिटलेत. मी थोडा वेळ बसलो, तब्येतीला जपा म्हणालो आणि निघालो. तेव्हाही खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही मला सगळ्या सोयी करून देत होतात.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी बालाजीकडं गेलो आणि सगळं सांगितलं. फ्लेक्स, दाभण, खोटं, सगळं. चष्मा घातलेला ठेवला. त्यानं ऐकून घेतलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"सर, लय मोठं मन हाय तुमचं. गेलेल्या मानसाचा दोष अंगावर घ्यायलात."

"अरे, दोष माझाच आहे. मी फ्लेक्स घातला."

"घातला असंल हो. पन फ्लेक्सनं छप्पर कसं गळंल? फ्लेक्स तर पानी आडवतो."

मी त्याला सहावीत शिकवलं होतं. मी त्याला समजावायला गेलो. गवताला दोन्हीकडून दम घेता आला पाहिजे, मी म्हणालो. तो आदरानं हसला. वयामुळं आणि दुःखामुळं सर हळवे झाले, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आयुष्यभर मोठेपणाचा जो थर मी स्वतःवर चढवून घेतला, त्यातून खरं बोललेलंही बाहेर झिरपत नव्हतं.

मग फ्लेक्स आणायचा, एवढंच उरलं. मी तुमच्या घरी गेलो. द्वारका बोरीहून नुकतीच आली होती, केसांत गवत होतं. कसं मागावं ते मला कळेना. म्हणालो, एक जुनी वस्तू होती माझी, मुंजाभाऊंकडं.

ती पुढं झाली. मला घरामागं घेऊन गेली. कडब्याच्या गंजीवर फ्लेक्स होता, पांढरी बाजू वर, चेहरा खाली, कडांना दगड बांधलेले.

"मामा म्हनले व्हते, सर एक दिस न्यायला येतील. आले की द्यायचा. आपून घेऊन जायचं न्हाई."

"कधी म्हणाले होते?"

"दर साली म्हनायचे."

मुंजाभाऊ, मी तिथं कडब्याकडं तोंड करून उभा राहिलो. माझ्यावर एवढा विश्वास टाकणारा माणूस मला पुन्हा भेटायचा नाही, आणि तो तुम्ही चार वर्षं, दर चैत्रात, नव्यानं टाकत होतात. मी तुमच्या छपरावर दोन दिवससुद्धा टाकू शकलो नव्हतो. द्वारका दगड सोडायला लागली. सोडता सोडता म्हणाली, "धुवून देऊ का सर?"

"नको. असाच हवा."

बालाजीच्या केंद्रावरच्या सिमेंटच्या टेबलावर मी आणि द्वारकानं तो पसरला. माझा चेहरा टाक्यांच्या भोकांनी भरलेला होता. भोकाभोकातून खाली काळे ओघळ गेलेले, आणि 'ज्ञानसूर्या'वर कुजलेलं पाचट चिकटून वाळलेलं. जिथं पाणी साठायचं तिथं साठल्याचे डाग गोल गोल दिसत होते, शाळेतल्या नकाशावर तळी दाखवतात तसे. शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला बालाजी होता, मिशा नसलेला, बुरशी लागलेला.

त्यानं वाकून आपल्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्यो तर मी करून आनला व्हता."

"हो."

"मुंजाभाऊला म्हाईत व्हतं?"

"हो."

"मंग मला का न्हाई बोलले?"

"मी बोलेन म्हणून थांबले होते."

तो हसायला गेला आणि मधेच थांबला. या वेळी माझ्या मोठ्या मनाबद्दल तो काही बोलला नाही. खरं सांगतो, मी त्या शब्दांची वाट बघत होतो. ते आले नाहीत. मग तो द्वारकाकडं वळला.

"वैनी, आधी दोन झोपड्या करा. पावसाळा काढू द्या. मंग बाकीच्या."

"करते. पन खाली चूल पेटवावी लागंल अधूनमधून."

"पाव्हन्यायला धूर लागंल की."

"मंग पत्र्यातच बसवा," द्वारका म्हणाली, आणि झोपडीची उंची बघायला गेली. तुमच्यासारखेच दोन तळहात जोडून, खालून थोडे फाकवून.

विद्या लोपल्याचं वाक्य मी मागं घेतो. ज्यांनी माना हलवल्या होत्या त्यांच्यापैकी जेवढे भेटले त्यांना तसं सांगितलं, फ्लेक्सचंही सांगितलं. दोघातिघांनी पुन्हा माना हलवल्या. आखाड्यावर मी आता दर सोमवारी चूल पेटवतो. पुस्तकं पिवळी पडायला लागली आहेत. धुराबद्दल तुमचं म्हणणं बरोबर होतं, आणि श्वासाबद्दलही. हे मी चहा पिता पिता म्हणालो असतो तर तुम्ही नुसतं 'बरं' म्हणाला असतात, एवढं मला माहीत आहे. मला ते 'बरं' ऐकायचं होतं.

फ्लेक्स द्वारकानं परत मागून नेला. कडबा झाकायला काहीतरी लागतंच. परवा अवकाळी पाऊस आला, तेव्हा मी मुद्दाम विचारायला गेलो. भोकं डांबरानं बुजवलीत, गंज कोरडी आहे म्हणाली. फक्त डाव्या डोळ्यापाशी थोडं गळतं.